तात्यांचा उतारा

तात्या फाटकातून आत येताना दिसले की आई आधी फळांची टोपली उचलून आत नेते. साखर झालेला आणि तरीही फळांवर हक्क सांगणारा असा एक नातेवाईक तुमच्याकडंही असेलच. आमचे तात्या पेढ्याला हात लावत नाहीत, चहा बिनसाखरेचा पितात. "कारखान्याची साखर वाईट, झाडाची न्हाय," हे त्यांचं शास्त्र. उभी हयात बारामतीकडच्या एका साखर कारखान्याच्या शेती खात्यात घालवलेल्या माणसानं हे म्हणावं!

उसाच्या रसाचा थेंब ब्रिक्स मीटरवर टाकायचा आणि ऊस तोडीला आला का ते सांगायचं, ही त्यांची नोकरी. नोकरी संपली, मीटर खिशातच राहिलं. इंदापूरच्या बाजारात पेरूची फोड मागतात, मीटरवर पिळतात, उजेडाकडं बघतात. "अकरा. चालतंय." की उरलेला पेरू फस्त. निमगाव केतकीचं डाळिंब पंधराला लागलं, तेही चाललं. द्राक्षं अठराला गेली तर "निर्यातीचा माल हाय, नको कसं म्हणायचं?" मुलानं पुण्याहून आणलेलं रक्तातली साखर बघायचं यंत्र मात्र अजून खोक्यातच आहे.

मध्यंतरी त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, ते एचबीएवनसी, साडेनऊ आली. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. तात्यांचा त्याहून जास्त. "साडेनऊच साखर उतारा? उसाचा दर, एफआरपी, सव्वादहाच्या उताऱ्यावर धरतात, बाई!"

बाई ऊस उत्पादकाच्याच लेक. "तात्या, इथं उतारा सातच्या आत आला तरच दर मिळतो," म्हणाल्या. मग नीट समजावलं: फळ खा, पण एका वेळी एकच, मुठीएवढं; जेवणावर नको; रस तर नकोच, चोथा गेला की साखर झरझर चढते. तात्यांनी यातलं 'फळ खा' तेवढं घरी आणलं. मुठीचं विचारलं तर म्हणाले, "मूठ कुणाची ते कुठं सांगितलंय?" त्यांचा पुतण्या तालमीत जातो.

पुढच्या खेपेला रिपोर्ट १०.६ आला. सव्वादहाच्या वर दर दशांशाला जादा पैसे मिळतात, हे त्यांनी आख्ख्या दवाखान्याला ऐकवलं.

चीड येते. पण याच मीटरच्या जोरावर या माणसानं पुढाऱ्याचा कच्चा ऊस फडात उभा ठेवला होता आणि दोन एकरवाल्या म्हातारीला आधी तोड दिली होती. ऊस वाळत असताना तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या मागं फिरलेल्यालाच त्याची किंमत कळेल. बदली झाली, बढती हुकली. तात्यांनी ते कधी कुणाला ऐकवलं नाही. ऐकवतात तो फक्त उतारा.

आता साखरेनं डोळ्यांचा पडदा धरलाय. मीटरमधली रेघ त्यांना दिसत नाही. परवा द्राक्षाचा मणी पिळून मीटर माझ्या हातात दिलं. "वाच रं." रेघ अठरावर होती. घाबरून हात आखडतील म्हणून मी चोवीस सांगितले.

"चोवीस?" तात्यांनी घड पुढ्यात ओढला. "मग थांबायचं कशाला? ह्याची तोड आजच लावायची!"