अनोळखी अल्बमांचा नाद

नातेवाइकांचे फोटो बघणं हे कष्टाचं काम आहे. पूर्वी चहाच्या आधीच लग्नाचा अल्बम मांडीवर यायचा आणि ‘ही कोण, ओळखलंस का?’ अशी तोंडी परीक्षा सुरू व्हायची. आता व्हॉट्सॲपवर सिमल्याचे फोटो येऊन कोसळतात आणि अंगठा दाखवला नाही तर ‘तुम्ही आमचे फोटो बघितले नाहीत वाटतं’ हे पुढच्या बारशात ऐकावं लागतं.

म्हणून मी परक्यांकडे वळलो. फ्लिकर हे २००४ साली कॅनडात सुरू झालेलं फोटोंचं संकेतस्थळ माझ्या फार आवडीचं. शोधायची युक्ती सोपी आहे. ताजमहाल, सूर्यास्त असलं काही टाकायचं नाही; कॅमेरा स्वतःच जे नाव देतो ते टाकायचं. ‘आयएमजी’ किंवा ‘डीएससी’ आणि पुढे मनाला येतील ते चार आकडे. ज्याला फोटोचं नाव बदलायचा कंटाळा, त्याला फोटो निवडायचाही कंटाळा. तो अख्खं कार्ड ओततो. मग लेन्सवर आलेलं बोट, केकपेक्षा स्पष्ट आलेला फ्रीज, आणि प्रत्येक फोटोत नेमके डोळे मिटलेले एक काका. कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी लावलेलंच नसलं, तर लग्न, डोहाळजेवण, बारसं सगळं एकाच १ जानेवारीला उरकलेलं दिसतं.

“अहो, हे कोण?” बायकोने विचारलं.

“माहीत नाही. दर उन्हाळ्यात तळ्यावर गळ टाकून बसतात. अजून एकही मासा नाही.”

“मग बायकोला का नेतात बरोबर?” असं म्हणून तिने खुर्ची ओढली. “पुढचा दाखवा.”

मी फोटो उतरवून घेत नाही, खाली काही लिहीत नाही. नुसता बघतो. २०१८ मध्ये फ्लिकर स्मगमग नावाच्या कंपनीने घेतलं आणि मोफत खात्यांना १,००० फोटोंची मर्यादा घातली. तेव्हापासून लोक निवडून फोटो टाकायला लागले असावेत, अशी माझी शंका आहे. काकांचे डोळे अलीकडे उघडे असतात.

तेव्हा वाचकहो, फोटो सगळ्यांना दिसतील असे ठेवणारच असाल, तर हललेले, फसलेलेही राहू द्या. फक्त मुलाबाळांचे टाकू नका, आणि कॅमेऱ्याचं लोकेशन आजच बंद करा. फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांशही जातात, आणि माझ्यासारखे रिकामटेकडे पुष्कळ आहेत.