टाइमशीटमध्ये न बसणारा माणूस

फोर्टातल्या कुठल्याही बऱ्यापैकी लॉ फर्ममध्ये जा, ढीगभर वकील, मूठभर क्लार्क आणि एक ‘आयटी’ सापडतोच. त्याचं नाव फक्त पगारपत्रकात असतं. एरवी “आयटीला बोलवा”, “आयटी जेवायला गेलाय”, “आयटी, माझं आउटलुक बघ रे जरा.” बसायची जागा झेरॉक्स मशीन आणि सर्व्हर रूम यांच्या मधल्या बोळात. गळ्यात ओळखपत्र, खिशात दोन-तीन पेनड्राइव्ह, आणि चेहऱ्यावर नुकतंच कुणीतरी “काल तर चालत होतं” म्हणून गेल्याचे भाव.

याच्या आयुष्यात एके काळी मानाचे दिवस होते. नवा लॅपटॉप आला की अख्खा दिवस जायचा. आधी विंडोज, मग वर्ड, मग अँटिव्हायरस, प्रिंटर, व्हीपीएन, निकाल शोधायचं सॉफ्टवेअर, शेवटी डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर. हा थेट पार्टनरच्या केबिनमध्ये, पार्टनरच्या खुर्चीत बसायचा आणि खुद्द पार्टनर समोर पक्षकाराच्या खुर्चीत. “किती वेळ?” या प्रश्नाला टक्क्यांच्या आकड्यावरची नजर न हलवता “होतंय सर” एवढंच उत्तर. चहा यायचा, तोही बशीसकट.

पण मग यालाच बुद्धी झाली ती लॅपटॉप स्वतःच स्वतःला तयार करील अशी व्यवस्था लावायची. निमित्तही तसंच होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार होता, आणि जुन्या यंत्रांत टीपीएम २.० ची चिप नसल्यामुळे विंडोज ११ त्यांना पायरीवरही उभं करीना. कॉन्फरन्स रूममध्ये नव्या खोक्यांची भिंत उभी राहिली. एवढं सगळं हाताने करायचं म्हणजे दिवाळी ऑफिसातच. मग याने विक्रेत्याच्या मागे लागून प्रत्येक यंत्राची ओळख, म्हणजे हार्डवेअर हॅश, आधीच फर्मच्या खात्यात चढवून घेतली. ऑटोपायलट आणि इंट्यून लावलं, पॉवरशेलच्या स्क्रिप्ट लिहिल्या, आणि एकच लॅपटॉप रात्र-रात्र पुसून पुन्हा उभा केला. आता सीलबंद खोकं वकिलाच्या टेबलावर ठेवायचं. त्याने वायफाय जोडायचं, ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड टाकायचा. यंत्र मालकाला ओळखतं, डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप घालतं आणि बाकीचं सामान आपणहून ओढून घेतं. तासाभरात काम फत्ते.

इथेच घोटाळा झाला. ही फर्म वेळ विकते. तिथे तासाचे दहा तुकडे असतात, सहा-सहा मिनिटांचे, आणि ईमेल नुसता उघडून “नोटेड” लिहिलं तरी एक तुकडा पक्षकाराच्या बिलात पडतो. जो जास्त तास लावील तो कर्तबगार. अशा ठिकाणी दिवसाचं काम तासावर आणणारा माणूस म्हणजे संशयित आरोपीच.

“म्हणजे तो तासभर तू काय करतोस?” पार्टनरांनी विचारलं.

“काहीच नाही सर. तेच तर.”

हे ‘तेच तर’ त्यांना खटकलं असावं, कारण पुढच्या खोक्यापासून आयटीने शेजारी बसूनच सेटअप करावा असा आदेश निघाला. तेव्हापासून हा बसतो. यंत्र आपलं काम करतं, हा गंभीर चेहऱ्याने पाहतो आणि मधूनच आवाज कमी करायचं बटण दाबतो. पार्टनर समाधानाने मान डोलावतात.

खरी मेहनत आहे ती अपवादांची. स्क्रिप्टने सगळ्यांच्या पडद्यावर फर्मचा लोगो लावला, त्यात नेमक्या अंगारकीला एका ज्येष्ठ मॅडमचा सिद्धिविनायक गेला. यंत्रं बंद पडली तरी एवढा गहजब होत नाही. याने निमूटपणे इंट्यूनमध्ये ‘गणपती-सूट’ नावाचा गट केला. आज त्या गटात निम्मी फर्म आहे आणि एक पारशी पार्टनरही आहेत. त्यांना पडद्यावर रेसमधला घोडा हवा होता. दुसरे एक सर सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०२० पासून ए-फोर कागद धरला हे युक्तिवादात इतरांना ऐकवतात, पण स्वतःचं वर्ड लीगल साइजमध्येच उघडावं असा त्यांचा हट्ट. हिरव्या लेजर कागदावर वाढलेली पिढी. त्यांनी तीन अक्षरं टाइप केली की ‘मोस्ट रिस्पेक्टफुली शोएथ’ उमटायचं, नव्या यंत्रावर ती तीन अक्षरंच उमटली, तेव्हा “डेटा गेला!” अशी आरोळी लिफ्टपर्यंत ऐकू गेली. आता त्यांची ऑटोकरेक्टची यादी जुन्या यंत्रावरून नव्यावर नेणारी स्वतंत्र स्क्रिप्ट आहे.

आणि टायपिस्ट काका. त्यांची बोटं गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर घडलेली, त्यामुळे कीबोर्डची मांडणी तशीच पाहिजे. शिवाय अलिबाग-पनवेलच्या जमिनींचे जुने मसुदे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधले. तो फॉन्ट नसला की ‘खरेदीखत’ उघडल्यावर कोणीतरी कीबोर्डवर आपटल्यासारखी अक्षरं दिसतात.

“बाळा, माझा फॉन्ट तेवढा ठेव हां.”

“ठेवलाय काका. तुमच्यासाठी वेगळं पॅकेज केलंय.”

“पॅकेज नको रे. फॉन्ट ठेव.”

माझं मत विचाराल तर या फर्मचा खरा इतिहास भिंतीवरच्या संस्थापकांच्या तसबिरींत नसून याच्या स्क्रिप्टमध्ये आहे. कोणाचा कोणावर विश्वास नाही, कोणाला कोणाचा प्रिंटर दिसता कामा नये, कोणत्या दोन पार्टनरांची फोल्डर एकमेकांपासून लपवायची, सगळं ओळीओळीने, टिपणांसकट. नव्या ज्युनियरने ती एकदा वाचावी, पार्टनरशिप डीड वाचायची गरज नाही.

यंदा ॲडमिनने फर्मान काढलं की आयटीनेही टाइमशीट भरायची, वकिलांसारखी, सहा मिनिटांच्या हिशोबात. हा दोन दिवस घुम्यासारखा वावरला. तिसऱ्या दिवशी त्याने टाइमशीट आपोआप भरणारी स्क्रिप्ट लिहिली. ती रोज संध्याकाळी सहाला धावते, तक्रारींच्या तिकिटांवरून दिवसाचा हिशोब गोळा करते आणि पाठवून मोकळी होते. चार सेकंदांचा मामला. पण फर्मच्या नियमाप्रमाणे सहा मिनिटांच्या आतलं काहीही पूर्ण एक तुकडा धरतात, म्हणून शेवटच्या ओळीत ‘टाइमशीट भरणे : ०.१ तास’ असं ती स्वतःच लिहिते. हा नियम मात्र त्याला मनापासून पटलाय.