हंडा

उन्हाळ्याच्या सुटीत भाचा बारामतीला आला आणि माझ्या लॅपटॉपवर त्याने जे जे खेळ उघडले, त्यातला एकही मला कळला नाही. कोण कोणाला मारतंय हे कळायच्या आत मारून झालेलं असायचं. शेवटी मामाची अब्रू राखायला मी माझा खेळ काढला. ‘डिगर’. कॅनडातल्या विंडमिल सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीने १९८३ साली काढलेला. मी तो पाहिला नव्वदच्या दशकात, इथल्याच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. चपला बाहेर काढून आत जायचं, आणि आतला ए.सी. आपल्यासाठी नसून कॉम्प्युटरसाठी आहे हे सरांकडून रोज ऐकायचं, असा तो काळ. सर चहाला गेले की कोणाच्या तरी वहीतून फ्लॉपी निघायची.

खेळ अगदी साधा. पडदाभर माती. मातीत हिरवे पाचू पेरलेले, मधूनमधून सोन्याच्या पिशव्या. आपली एक चिमुकली गाडी. बाण दाबावा तिकडे ती माती खात जाते आणि मागे बोगदा सोडते. पाठलागाला भुतं असतात. ती आधी आपण खणलेल्या वाटेनेच येतात, पण फार वेळ लावला की त्यांनाही खणायची अक्कल येते आणि मग ती थेट मातीतून आडवी घुसतात. पिशवीखालची माती काढली की पिशवी थोडी थरथरते आणि धाडकन खाली येते. उंचावरून पडली तर फुटून सोनं सांडतं. खाली आपणच असलो तर शोपँचं अंत्ययात्रेचं संगीत वाजतं, तेही त्या जुन्या पिपाणी स्पीकरवर. वरातीच्या बँडवाल्याला चुकून मयतीला बोलवावं, तसं.

“एवढंच?” भाचा म्हणाला.

तेवढ्यात आबा मागे येऊन उभे राहिले. आबा माझे चुलते. राहतात जिरायती पट्ट्यात; डोळे तपासायला आमच्याकडे आले होते. डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे पडदा त्यांना कितपत दिसत होता देव जाणे.

“काय करतोय ह्यो?”

“धन खणतोय, आबा.”

“खालनं खणतोय व्हय? वरचं अंगावर येणार.”

आणि आलंच. शोपँ वाजला. आबांनी खुर्ची ओढली.

तरुणपणी आबांनी विहिरी खोदल्या आहेत. टिकाव, पहार, घमेलं, आणि पुढे पुढे यारी. वरची माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. पाषाणाला सुरुंग लावायचा, सगळ्यांनी वर येऊन बांधाआड बसायचं आणि आवाज मोजायचे. चार लावले आणि तीनच वाजले तर दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणी खाली उतरायचं नाही. अशा माणसाला तो खेळ समजावून सांगावा लागला नाही. उलट त्यानेच भाच्याला पिशवीचा नियम शिकवला, तो मला कॉम्प्युटर क्लासमध्ये वीसेक वेळा मेल्यावर उमगला होता.

एक गोष्ट मात्र त्यांना पटेना. “पाणी कुठंय ह्यात?”

प्रश्न वेडगळ वाटतो, पण बारामती-इंदापुरात तो तसा नाही. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरेचा डावा कालवा काढला आणि तालुक्याचे दोन तुकडे पडले. कालव्याखाली आला तो बागायतदार. कालव्याच्या वर राहिला तो आभाळाकडे बघणारा. बागायतीत ऊस, साखर कारखाना, बुलेट. जिरायतीत बाजरी, मेंढरं आणि टँकर. हल्ली बारामतीत उसाला पाणी कधी द्यायचं हे कृत्रिम बुद्धिमत्ता सांगते म्हणे. आमच्या आबांच्या गावाला तिला विचारायला गेलं तर ती आधी विचारेल, कुठलं पाणी?

आणि भाषा तर आबांच्याच बाजूची. मराठीत गुप्तधनाच्या भांड्याला हंडा म्हणतात, आणि डोक्यावरून पाणी आणायच्या भांड्यालाही हंडाच. एखाद्याची अचानक भरभराट झाली की लोक कुजबुजतात, “हंडा सापडला असणार.” आणि पंचायत समितीवर बाया नेतात तोही हंडा मोर्चाच, फक्त हंडे रिकामे. पुन्हा पाणी आपल्याकडे सापडत नाही, ते लागतं. ठेच लागते, लॉटरी लागते, नजर लागते, तसं पाणी लागतं. कर्तृत्वाचा संबंध नाही.

धन कुणाला दिसतं, तर पायाळूला. पायाकडून जन्मलेल्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं दिसतं, असं लहानपणी ऐकलेलं. पाणी कुणाला दिसतं, तर पाणाड्याला. दोघेही न खणता सांगतात, खणायचं आपण. या समजुतींपायी इतके भयानक प्रकार झाले, की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला गुप्तधनासाठी आणि पाण्याच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं एकाच दमात गुन्हा ठरवावी लागली. मसुदा करणाऱ्याला दोन्ही हंडे ठाऊक असावेत.

इंग्रजांचा १८७८ चा कायदा त्यापेक्षा कोरडा. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. मालक कोणी निघाला नाही आणि वेगळा काही करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, एक चतुर्थांश जमीनमालकाला. हे मी भाच्याला वाचून दाखवलं. त्याने पडद्यावरचे पाचू मोजले आणि कलेक्टरला किती अर्ज करावे लागतील याचा हिशेब मांडला. वकील होईल असं वाटतं.

रीतसर खणणारेही आपल्याच जिल्ह्यात होऊन गेले. शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजची मंडळी १९६८ पासून १९८३ पर्यंत खणत होती. तेही चौकोन आखून, अगदी खेळासारखं. फक्त हत्यार खुरपी आणि ब्रश, आणि भुताऐवजी पाठीमागे सरकारी अनुदान संपायची भीती असेल. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव निघालं. घरं, धान्याच्या बळदा, चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला एक माणूस. आणि एक पाट. शेताला पाणी न्यायला खणलेला. आबांना हे सांगितलं तेव्हा रांजणातल्या माणसाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. “पाटाला पाणी कुठलं हुतं?” एवढंच विचारलं.

आमची स्वतःची खोदाई मात्र इतकी शास्त्रशुद्ध नव्हती. काही वर्षांपूर्वी आबांच्या रानात बोअर घ्यायचं ठरलं. पाणाडी आला. तळहातावर आडवा नारळ ठेवून रानभर हिंडला आणि लिंबाजवळ तो नारळ उभा राहिला. रात्री अकराला गाडी आली, तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची. बोअरच्या गाड्या निम्म्या देशात तिथूनच जातात. पोरांना मराठी येईना, आम्हाला तमिळ. पण एका शब्दावर सगळा व्यवहार चालला: “और?” रॉड खाली गेला की तो पोरगा मशीन मंद करून आबांकडे बघे आणि विचारी, “और?” आबा मान हलवत. शंभर फूट, धुरळा. दोनशे, धुरळा. तीनशेला चुलती अगरबत्ती बदलून आली. साडेतीनशेला धुरळा जरा दमट झाल्यासारखा वाटला, म्हणून सगळ्यांनी तो हातात घेऊन चोळला. माझ्या मते तो आमच्याच घामाने दमट झाला होता. साडेचारशेला पहाट झाली. सगळं गाव पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखं पांढरं, आणि केसिंगच्या तोंडाशी वाकून बघणारे आबा सगळ्यांत पांढरे. खेळात सुरुवातीलाच तीन गाड्या मिळतात. इथे पुढचा “और?” परवडेना म्हणून थांबलो. पाणाड्याने फोनवर खुलासा केला, “पाणी हुतं, पर सरकलं.” त्याच्या या वाक्यात चूक काढायची कशी, हे मला अजून सुचलेलं नाही.

आणि तिथून तासाभराच्या वाटेवर उजनीचा फुगवटा. एकूण ११७ टीएमसीच्या आसपास, पण त्यातलं ६३ मृतसाठा, म्हणून तिथला हिशेब शून्याच्या खालीही जातो. पेपरात ‘उजनी उणे चाळीस टक्के’ असं येतं आणि परगावचा पाहुणा चक्रावतो. धरण असं उण्यात गेलं की इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर पाण्यातून वर येतं. शिखर, मग खांब, मग आवारातला चिखल. लोक गाड्या काढून बघायला जातात, फोटो काढतात. आम्हीही गेलो होतो. सगळे कोरीव खांब निरखत होते. आबा पाण्याच्या कडेला जाऊन, पाणी किती आत सरलंय ते पावलांनी मोजत होते.

तर त्या संध्याकाळी आबा म्हणाले, “दे बरं इकडं.” भाच्याने चार बाण दाखवले. आबांनी त्यांतला एकच वापरला, खालचा. पडद्याच्या मधोमध त्यांनी सरळसोट उभा खड्डा घेतला. दोन्ही बाजूंना पाचू लकाकत होते.

“आजोबा, पाचू! उजवीकडे!”

“ऱ्हाऊ दे. आधी खाली जाऊ.”

तळाशी गाडी अडली. आबा खालचा बाण दाबतच राहिले. मागून भूत त्यांच्याच विहिरीतून सरळ उतरत आलं आणि शोपँ वाजला.

आबांनी चष्मा काढून पुसला.

“अजून दोन परूस गेलो असतो तर लागलं असतं.”