तोंड उघडं ठेवून

(रंगमंचावर एक खुर्ची. पाठीवर रुमाल, गॉगल, मास्क टांगलेले. कलाकार ओपन फेस हेल्मेट घालूनच येतो.)

हेल्मेट काढत नाही, राग मानू नका. पुण्यात डोक्यावर हेल्मेट दिसणं हाच मुळात एक प्रयोग आहे. २०१९च्या जानेवारीत सक्ती आली, तेव्हा लोक पगडी घालून दुचाकीवर निषेधाला निघाले होते. पगडी! तिला हनुवटीखाली पट्टासुद्धा नसतो.

तर हे ओपन फेस. मेंदू झाकलेला, तोंड उघडं. म्हणजे जे क्वचित लागतं ते आत जपून ठेवलंय आणि जे दिवसभर चालू असतं ते मोकळं.

(खुर्चीवर उलटा बसतो, हँडल धरतो.)

सिग्नलला खरं सुख. (डावीकडे वळून) "अहो, इंडिकेटर उजवा, वळताय डावीकडे! घरी तरी सांगून निघालात का, कुठे चाललाय ते?" हेच फुलफेसवाल्याला बोलायचं तर काच वर करेपर्यंत सिग्नल सुटतो. अपमान शिळा होतो हो!

शिवाय चष्मा न काढता हेल्मेट चढतं. आणि खडकवासल्याला कणीस भाजत असेल, तर धरण दिसायच्या आधी नाकाला कळतं.

तिथूनच परत येत होतो. तिन्हीसांजेची वेळ. ताशी ६०, म्हणजे सेकंदाला सोळा मीटरहून जास्त. वारा काय, आभाळ काय! मी म्हटलं, "आऽऽ..." पुढचा 'हा' व्हायच्या आत चिलट घशात.

(थांबतो.)

चतुर्थी होती.

मग गॉगल घेतला. (घालतो.) पुढे बसच्या खिडकीतून एक पिचकारी आली, म्हणून मास्क. (लावतो.) पाऊस गालात टाचण्या टोचायला लागला, म्हणून वरून रुमाल. (बांधतो. आवाज दबतो.) आता सोसायटीचा वॉचमन रजिस्टर पुढे करतो. "कुणाकडे जायचंय?" अरे, मी चेअरमन आहे!

(सगळं ओरबाडून काढतो.)

आणि एवढं करून हनुवटी कशानं झाकली? रुमालानं! डांबराला काय, रुमाल बघून दया येते? हेल्मेटच्या आत थर्माकोल असतो ना, तो आपटल्यावर स्वतः चेपतो आणि धक्का गिळतो. पण जिथे असेल तिथेच गिळणार! हनुवटीपुढे आहे काय? हवा. आणि माणूस तोंडावर पडतो, हा वाक्प्रचार काही उगाच नाही झाला. डॅन गर्नी नावाचा रेसर १९६८मध्ये फॉर्म्युला वनला तोंड झाकणारं हेल्मेट घालून उतरला. त्याच्या गाडीला चार चाकं होती. मी दोन चाकांवर, रुमाल बांधून!

गेलो दुकानात. म्हटलं, फुलफेस दाखवा. आयएसआयचा शिक्का बघितला. दुकानदार म्हणाला, "काका, घालून बघा." घातलं. पट्टा... टक्! काच खाली.

(दोन्ही हातांनी चेहरा झाकतो. घुमल्यासारखा आवाज.)

"जास्त सांगताय! लक्ष्मी रोडला निम्म्यात मिळतं! शेवटचं बोला!"

तो हसून मान हलवतोय. मी आणखी दोनशे कमी केले. तरी मान हलवतोय! म्हटलं, वा, गुणी माणूस.

(हात काढतो.)

बिल आलं. छापील किमतीला! मी म्हटलं, "अहो, आपलं ठरलं होतं ना?"

म्हणाला, "कधी? मला वाटलं, काका आत गाणं म्हणतायत."

(अंधार.)