किल्लारीकरांनी आरोग्यविमा कसा निवडावा : एक शास्त्रशुद्ध मार्गदर्शिका

सदर मार्गदर्शिका मौजे किल्लारी, ता. औसा, जि. लातूर येथील सर्व कुटुंबप्रमुखांसाठी आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने राशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या ज्येष्ठ बाईचं नाव लावायला सांगितलं आहे. तेव्हा ही मार्गदर्शिका खरं तर त्यांनी वाचायची. निर्णय मात्र पारावर बसून पुरुषमंडळी घेतील, अशी रीत आहे.

कागदाचं मोल किल्लारीला शिकवायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात गाव पडलं, आणि वाचलेल्यांच्या नशिबी पंचनामे आले. गावांचे अ, ब, क असे वर्ग पडले, ५२ गावं उठून नव्या जागी वसली, घराचा ताबा कागदावर मिळाला आणि नोकरीतल्या राखीव जागेसाठी भूकंपग्रस्ताचं प्रमाणपत्रही. ज्या गावाने एवढं निभावलं, त्याला विम्याचा अर्ज जड जायला नको. जातो, म्हणून पुढील पायऱ्या.

पायरी पहिली : आपल्याला विमा आहे हे आधी मान्य करा

किल्लारीत कुणालाही विचारा, "विमा काढलाय का?" उत्तर येईल, "हाय की, सोयाबीनचा." माणसाचा विमा बहुतेकांना ठाऊक नसतो, कारण तो काढावा लागत नाही. सरकारने तो परस्पर काढून ठेवलेला असतो.

त्याचा इतिहास थोडक्यात असा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात शेजारचं नांदेड होतं, सोलापूर होतं, लातूर नव्हतं. लातूरला २१ नोव्हेंबर २०१३ उजाडावं लागलं. मधल्या काळात लातूरकरांनी आजारी न पडण्याची शिस्त पाळली, असं समजावं. २०१७मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. रक्कम मात्र कुटुंबाला वर्षाला दीड लाख, तीच राहिली.

ही रक्कमही सगळ्यांसाठी नव्हती. पिवळं कार्ड चाले. केशरी चाले, पण उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. पांढरं कार्ड असलेल्या शेतकऱ्याला चौदा आपत्तीग्रस्त जिल्ह्यांपुरती सूट होती आणि त्यात लातूर होतं, पण शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून सातबारा लागे. म्हणजे ऑपरेशनच्या आधी रक्तगट आणि जमिनीचा गट नंबर, दोन्ही तयार ठेवायचे. ज्याच्याकडे पांढरं कार्ड होतं पण जमीन नव्हती, तो किराणा दुकानदार किंवा शाळेतला शिपाई आपल्या प्रकृतीच्या भरवशावर जगत होता.

२०२३मध्ये सरकारने ठरवलं की योजना आता सगळ्यांना, रंग न बघता. रक्कम पाच लाख, उपचार तेव्हा १,३५६. अंमलबजावणी १ जुलै २०२४पासून. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला केंद्राने सत्तर वर्षांवरच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आणलं. त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आधार पुरतं. घरातल्या आज्जीला ही बातमी जरूर सांगावी. ती म्हणेल, "मला काय झालंय?" तरी कार्ड काढून ठेवावं.

पायरी दुसरी : नावं जुळवा

योजनेच्या दवाखान्यात दाराशी एक टेबल असतं. त्यामागे आरोग्यमित्र बसतो. तो खरोखर मित्रच असतो, पण त्याची मैत्री संगणकाशी जास्त. राशनकार्डावर 'शिवाप्पा', आधारवर 'शिवप्पा' आणि बँकेत 'शिवप्पा आप्पा' असेल, तर संगणकाच्या लेखी दारात तीन माणसं उभी आहेत आणि त्यांतला एकही आजारी नाही.

पत्त्याचं निराळंच. कुणाच्या कागदावर जुनं किल्लारी, कुणाच्या नवं. त्याहून अवघड गोष्ट लग्न झालेल्या लेकीची. माहेरच्या कार्डातून तिचं नाव लग्नानंतर लगेच कमी होतं, कारण ते काम भाऊ तत्परतेने करतो. सासरच्या कार्डात वाढवायचं काम सोयाबीन निघाल्यावर करायचं ठरतं. मग तूर निघते, मग ऊस जातो. तोवर ती दोन घरांची असून कुठल्याच कार्डात नसते. बाळंतपण मात्र सोयाबीनसाठी थांबत नाही.

कृती : आज संध्याकाळी पिशवीतून सगळी कार्डं काढून चटईवर मांडा आणि नावातला काना-मात्रा तपासा. पैसा लागत नाही. या मार्गदर्शिकेतली एवढी एकच पायरी फुकट आहे.

पायरी तिसरी : अंतर मोजा

विमा निवडताना लोक रक्कम विचारतात. किल्लारीकरांनी किलोमीटर विचारावेत. पाच लाखांचं संरक्षण दवाखान्याच्या दारात सुरू होतं. दारापर्यंतचं आपलं आपण बघायचं असतं. योजना कितीही रुंदावली तरी लामजना आणि औसा ओलांडून लातूर तेवढंच लांब राहिलं, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. उमरगा त्याहून जवळ, पण ते धाराशिव जिल्ह्यात, आणि आपल्याकडे माणूस आपल्या जिल्ह्यातच आजारी पडतो. तिथेही भागलं नाही की सोलापूर.

१०८ला फोन करावाच, ती गाडी फुकट आहे. पण शेजारी जीप किंवा बोलेरो असलेल्या माणसाशी बांधावरून भांडण असेल, तर ते पावसाळ्याआधी मिटवावं. कुठल्याही पॉलिसीच्या कलमांपेक्षा हे कलम रात्री दोन वाजता जास्त उपयोगी पडतं.

कृती : अंगीकृत दवाखान्यांची यादी आजारी पडण्याआधी बघून ठेवा, आणि आपल्या आजाराचा विभाग तिथे आहे का, हेही विचारा. हाडाचा दवाखाना यादीत आहे म्हणून तिथे हृदय घेऊन जाऊ नये.

पायरी चौथी : खासगी पॉलिसी घेताना खरं बोला (शक्य असल्यास)

सरकारी योजनेवर भागत नाही असं वाटलं की खासगी पॉलिसी. २०२३च्या खरिपात एक रुपयात पीकविमा काढलेल्या शेतकऱ्याला इथे पहिला धक्का हप्त्याचा बसतो. पाणी प्यावं आणि पुढे जावं. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला आहे, एवढा दिलासा.

पॉलिसी कोणती हे ठरवायची आपल्याकडे पद्धत सोपी आहे : एजंट कोण आहे ते बघायचं. तो बहुधा दाजी असतो. बहीण दिलेली असल्यामुळे अटी वाचणं हा अपमान ठरतो. दाजी म्हणतात, "सही करा, बाकीचं मी बघतो." बाकीचं म्हणजे प्रश्नावली.

तिथे नेमकं असं घडतं. दाजी वाचतात, "तंबाखू?" घरातले अप्पा डाव्या तळव्यावर चुना टाकून अंगठ्याने मळत असतात. चिमूट भरून ओठाआड सारतात, हात झटकतात आणि मान हलवतात, "न्हाई." दाजी 'नाही'वर टिक करतात. "बीपी?" "व्हतं. गोळी चालू केल्यापासून न्हाई." पुन्हा टिक. "शुगर?" अप्पा आत बघतात; आतून चहा येतो, बिनसाखरेचा. टिक.

ही तिसरी टिक पुढे महागात पडते. आधीपासूनचा आजार सांगितला तर जास्तीत जास्त छत्तीस महिने थांबावं लागतं, मग कंपनीला त्याचाही खर्च द्यावा लागतो. लपवला तर दाव्याच्या वेळी जुन्या चिठ्ठ्या बाहेर येतात, आणि दवाखान्यातली चिठ्ठी दाजींच्या शब्दाहून वजनदार ठरते. सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिली की कंपनीला फसवणूक सिद्ध केल्याशिवाय असा दावा फेटाळता येत नाही. म्हणजे खोटं बोलायचंच असेल, तर आधी पाच वर्षं ठणठणीत राहण्याची तयारी ठेवावी. त्यापेक्षा शुगर सांगितलेली बरी.

आणखी एक. पहिले तीस दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, गर्भपिशवी काढणं, यांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. आणि निदान चोवीस तास भरती हवी. डोळ्यांच्या ऑपरेशनसारखे थोडे उपचार अपवाद. गावातल्या डॉक्टरकडे दुपारी एक बाटली चढवून संध्याकाळी दूध काढायला घरी येणं, हा किल्लारीतला सर्वांत लोकप्रिय उपचार कुठल्याच साध्या पॉलिसीत बसत नाही.

पायरी पाचवी : खोलीचा मोह टाळा

दोन लाखांची पॉलिसी, खोलीभाड्याची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे दोन हजार. भेटायला येणारे पाहुणे काय म्हणतील म्हणून तुम्ही चार हजारांची एसी खोली घेतलीत. आता कंपनी वरचे दोन हजार तर कापतेच, शिवाय डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर यांचंही निम्मंच देते. औषधं, आत बसवलेले भाग आणि तपासण्या यांना ही कात्री लागत नाही. बाकीच्यांना लागते.

म्हणजे त्या एसीची हवा पेशंटच्या ऑपरेशनलाही लागते. पाहुणे तिथे वीस मिनिटं बसतात, "रूम भारी हाय" म्हणतात, बिस्किटांचा पुडा ठेवतात आणि औशाची बस पकडतात.

बिलात मिनरल वॉटर, धुलाई, टेलिफोन, डायपर, क्रेप बँडेज दिसलं तर ते आपल्या खिशातून द्यायचं आहे, हे समजून असावं.

पायरी सहावी : लातूरला शिकणारं लेकरू

किल्लारीचा खरा आरोग्यविमा वेगळाच आहे, आणि तो कुठल्याही कंपनीच्या आधीपासून चालू आहे : घरातलं एक लेकरू डॉक्टर करणे. हप्ता म्हणजे लातूरच्या क्लासची फी, खोलीचं भाडं आणि मेस. प्रतीक्षा कालावधी अकरावी-बारावीची दोन वर्षं, रिपीटचं एखादं, एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच, आणि पुढे शिकलं तर आणखी तीन. लातूर पॅटर्नने राज्यभर डॉक्टर पुरवले. दावा फेटाळला जाण्याचं प्रमाण मात्र नीटच्या निकालादिवशी कळतं.

तोवर त्या लेकराचाही विमा हवा. त्याचं नाव किल्लारीच्या राशनकार्डावर राहू द्या. लातूरला खोली केली म्हणून कमी करू नका. खासगी फ्लोटर पॉलिसीत अवलंबून असलेलं मूल साधारण पंचविसाव्या वर्षापर्यंत चालतं. नीट देण्याला मात्र वरची वयोमर्यादा नाही. ज्यांचं लेकरू दरवर्षी "यंदा नक्की" म्हणतं, त्यांनी या दोन नियमांतलं अंतर ध्यानात घेऊन त्याची वेगळी पॉलिसी काढावी.

पायरी सातवी : दावा करताना

पीकविम्यात पाणी शिरल्यापासून ७२ तासांत कळवावं लागे, हे किल्लारीत शाळकरी पोरालाही पाठ आहे. माणसाच्या बाबतीत मुदत बहुधा त्याहून कमी असते : अचानक भरती झाली की चोवीस तासांत कळवा. कॅशलेसला एका तासात आणि घरी सोडताना तीन तासांत कंपनीने उत्तर द्यावं, असं विमा नियामकाने २०२४मध्ये ठरवून दिलं आहे. दवाखान्याच्या काउंटरवर हा नियम शांत आवाजात सांगावा. आवाज चढवल्यास नियम तोच राहतो, काउंटरवरची बाई मात्र जेवायला जाते.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार, महिन्याभरात दाद लागली नाही तर पुण्याला विमा लोकपालाकडे अर्ज. फी नाही, वकील लागत नाही. मूळ कागद कुणालाही देताना झेरॉक्स ठेवा, दाजींना देतानाही.

अंतिम सूचना

पॉलिसी हातात आल्यावर घरातल्या ज्याला वाचता येतं त्याच्याकडून ती एकदा मोठ्याने वाचून घ्यावी. पसंत पडली नाही, तर तीस दिवसांच्या आत परत करता येते आणि थोडी कपात होऊन पैसेही मिळतात. दाजींच्या बाबतीत अशी मुदत नाही.