सर्पिल दीर्घिकेचे छायाचित्रण : शास्त्रोक्त विधी

पूर्वी सर्पिल दीर्घिकेचे दर्शन घ्यायचे तर आधी सरदार घराण्यात जन्म घ्यावा लागे. आयर्लंडमधल्या बर कॅसलच्या लॉर्ड रॉस यांनी ७२ इंच व्यासाचा धातूचा आरसा ओतून घेतला, त्याला ५४ फुटी नळी बांधली आणि १८४५ साली एम ५१ या दीर्घिकेचे चक्राकार फाटे प्रथम पाहिले. एवढा मंद उजेड टिपणारा कॅमेरा नव्हताच, म्हणून ते हाताने रेखाटले. आता सीस्टार एस५० नावाची ५० मिलिमीटर भिंगाची दुर्बिणीची पेटी गावाबाहेरच्या अंधारात ठेवली, की तेच फाटे मोबाइलवर उमटतात. सरदारकीची अट रद्द झाली. बाकीच्या कायम आहेत.

मुहूर्त एप्रिल-मेमधल्या अमावास्येच्या आसपासचा धरावा. एम ५१ श्यामशबल तारकासमूहात, सप्तर्षींच्या शेवटच्या मरीचीपासून साधारण साडेतीन अंशांवर आहे. दुर्बिणीला हे सांगावे लागत नाही. ती आकाशाचा फोटो काढते, त्यातले तारे आपल्याजवळच्या नकाशाशी ताडून पाहते आणि स्वतःच वळते. तरीही साधकाने मरीची ओळखायला शिकावे. जमलेल्या पोराटोरांपैकी कोणीतरी ‘म्हणजे नक्की कुठे?’ असे विचारतेच.

तिपाई पातळीत ठेवावी. गाडीच्या बॉनेटवर दुर्बीण मांडू नये. आतले होकायंत्र लोखंडाला भुलते.

शहरी उजेडासाठीचा फिल्टर पाहून हात शिवशिवतात. तो हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा ठरावीक रंगांचा प्रकाश तेवढा आत सोडतो, म्हणून तेजोमेघांना मानवतो. दीर्घिकेचा उजेड अब्जावधी ताऱ्यांचा, सगळ्या रंगांचा. त्यातला बराचसा हा फिल्टर अडवतो. तो बंदच ठेवावा. शेजारच्या गच्चीवरचा हॅलोजन कसा बंद करावा, हा प्रश्न खगोलशास्त्राच्या कक्षेत येत नाही.

यानंतरचा टप्पा सर्वांत कठीण : काहीही न करणे. दहा सेकंदांच्या एका फोटोत दोन पुसट डाग दिसतात. असे शेकडो फोटो यंत्र एकावर एक रचते, तेव्हा कुठे फाटे वर येतात. चित्र दुप्पट स्वच्छ हवे तर वेळ चौपट द्यावा लागतो. पाव तासानंतरची पहिली दुप्पट तासाभरात मिळते. पुढची मिळायला चार तास. साधकाला एवढा धीर नसतो. तो मध्येच उठून स्टँडला हात लावतो, ताऱ्यांच्या रेघा होतात आणि यंत्र ते फोटो मुकाट्याने बाद करते. अशा वेळी साधकाला चहा करायला पाठवावे.

संगणकावर मात्र खरा अधर्म सुरू होतो. एम ५१ चा गाभा म्हाताऱ्या ताऱ्यांमुळे पिवळसर, फाटे तरुण ताऱ्यांमुळे निळसर, मधूनमधून हायड्रोजनचे गुलाबी ठिपके. एवढ्यावर थांबावे. फाटे जांभळे झाले, की दीर्घिका लग्नाच्या मांडवासारखी दिसू लागते. फोटो ‘धारदार’ करणारी काही साधने तर कॅमेऱ्याने न टिपलेले धागेही विणून देतात. त्यापेक्षा रॉसचे हाताचे चित्र प्रामाणिक. फाट्याच्या टोकाला लोंबणारा गोळा डाग समजून पुसू नये. तो एनजीसी ५१९५, म्हणजे एम ५१ ची सोबतीण. खगोलनिरीक्षक मेशाँ यांनी १७८१ साली तिची नोंद केली आहे.

हे सारे पावसापूर्वी उरकावे. ऑक्टोबरात देवयानीतली एम ३१ येईल. ती सुमारे तीन अंश रुंद आणि सीस्टारची चौकट जेमतेम सव्वा अंश लांब. तिच्यासाठी तुकडे जोडण्याची मोझेइक पद्धत आताच शिकून ठेवावी.