रेघ तेवढी द्या

स्पॅनिशमधल्या प्रश्नार्थक शब्दांवर एक छोटी तिरकी रेघ असते. तिला तिकडे ‘तिल्दे’ म्हणतात. ही रेघ खाऊन टाकणारे लोक वाढत चालले आहेत आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो. मोबाइलवरच्या निरोपात रेघ नसते, शिकवणीच्या नोट्सच्या झेरॉक्समध्येही नसते. हटकलं की ठरलेलं उत्तर येतं, “संदर्भावरून कळतं की!”

नाही कळत. ‘साबे के कोमे’ हे साधं वाक्य घ्या. ‘के’वर रेघ दिली तर अर्थ होतो, ‘आपण काय खातो हे त्याला माहीत आहे’. रेघ काढली तर, ‘आपण खातो हे त्याला माहीत आहे’. अक्षरं तीच, क्रम तोच. प्रश्न वाक्याच्या पोटात असल्यामुळे प्रश्नचिन्हाचाही आधार नाही. सगळा भार त्या एका रेघेवर.

मराठी माणसाला हे चटकन उमगायला हवं. आपण प्रश्नाला ‘क’ लावतो आणि जोडणीला ‘ज’: कोण आणि जो, कुठे आणि जिथे, कधी आणि जेव्हा. स्पॅनिशमध्ये क्येन, दोंदे, क्वांदो हे शब्द दोन्ही कामं करतात आणि त्यांतला फरक फक्त रेघ सांगते. ‘जिथे’च्या जागी कोणी ‘कुठे’ लिहिलं तर आपण लगेच चूक काढतो. तिथे मात्र तीच चूक ‘चालतं’ म्हणून सोडून देतो.

सगळ्यात जास्त हाल होतात ते ‘पोर के’चे. दोन शब्द वेगळे आणि ‘के’वर रेघ, म्हणजे ‘का’. एकच शब्द आणि रेघ नाही, म्हणजे ‘कारण’. एकच शब्द पण शेवटी रेघ, म्हणजे एखाद्या गोष्टीमागचं कारण, हे नाम. प्रश्न आणि त्याचं उत्तर यांच्यात एक मोकळी जागा आणि एक रेघ एवढंच अंतर आहे, आणि लोक दोन्ही गाळतात.

दुसरी तक्रार ‘के’ आणि ‘क्वाल’ची. नाव, पत्ता, फोन नंबर विचारायचा तर ‘क्वाल’ लागतं, कारण अनेकांतून एक निवडून सांगायचं असतं. ‘के एस’ म्हटलं की व्याख्या मागितल्यासारखं होतं. ‘के एस तू नोम्ब्रे’ असं विचारणारा माणूस नाव विचारत नाही, ‘तुझं नाव म्हणजे काय पदार्थ आहे’ असं विचारतो. पहिल्या धड्यातलं हे वाक्य वरच्या वर्गापर्यंत चुकीचंच जातं आणि कोणी थांबवत नाही.

तिसरी ‘क्वांतो’ची. आपलं ‘किती’ पैशाला, पाण्याला, पुस्तकांना, घरांना सारखंच चालतं. स्पॅनिशमध्ये पैशाला क्वांतो, पाण्याला क्वांता, पुस्तकांना क्वांतोस, घरांना क्वांतास. मराठीत ‘केवढा, केवढी, केवढे’ बिनचूक बोलणाऱ्यांना हे जड का जावं, मला समजत नाही.

आणि ते उलटं प्रश्नचिन्ह! स्पॅनिश राजअकादमीने 1754च्या शुद्धलेखनाच्या पुस्तकात ते सांगितलं, लांब प्रश्न वाचणाऱ्याला सुरुवातीलाच सूर कळावा म्हणून. स्पॅनिशमध्ये हो-नाहीचा प्रश्न आणि साधं विधान पुष्कळदा शब्दाशब्दाने सारखं असतं. मराठीत शेवटी ‘का’ येतो, तिथे तसं काही नाही. शिवाय चिन्ह नेहमी वाक्याच्या तोंडाशीच बसतं असंही नाही. ‘तू आला नाहीस, तर मी काय करू?’ यात ते स्वल्पविरामानंतर, ‘के’च्या आधी येतं, म्हणजे प्रश्न नेमका कुठून सुरू होतो ते दाखवतं. पाब्लो नेरुदा हे चिन्ह गाळत असत, असा दाखला नेहमी दिला जातो. पण त्यांनी ‘पोर के’वरची रेघ गाळली नव्हती, हेही त्याच दमात सांगायला हवं.

नियम बदलत असतात, हे मला मान्य आहे. अकादमीने 2010 साली ‘सोलो’ या शब्दावरच्या रेघेची गरज नाही असं ठरवलं आणि त्यावर पुढे कित्येक वर्षं वाद झाला. प्रश्नशब्दांवरच्या रेघेला मात्र तेव्हा कोणी हात लावला नाही. मोठ्या अक्षरांना रेघ लागत नाही हा समजही खोटा आहे. अकादमीच्या नियमाप्रमाणे तिथेही ती हवीच.

म्हणून स्पॅनिश शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. मोबाइलवर ‘ई’चं बटण दाबून धरलं की रेघेचं अक्षर मिळतं, प्रश्नचिन्ह दाबून धरलं की उलटं प्रश्नचिन्ह मिळतं. वही तपासताना रेघ नसलेल्या ‘के’चा अर्धा गुण कापा. आणि ‘दोंदे’ हा शब्द पहिल्या दिवशी फळ्यावर लिहाल तेव्हा तो रेघेसकटच लिहा.